कारखान्याच्या जागेवर घर? आधी मातीचा हिशेब मांडा

ठाण्यातलं कोलशेत, बाळकुम आणि पोखरण रोड, मुंबईतलं गिरणगाव, भांडुप-मुलुंडचा एलबीएस मार्ग, चेंबूर. या भागांत आज जिथे टॉवर उभे आहेत, त्यातल्या कितीतरी जागांवर पूर्वी औषधांचे, रंगांचे, रसायनांचे, कापडाचे कारखाने होते. पुढच्या काळात अशा जागा आणखी मोकळ्या होणार आहेत. डोंबिवलीतले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला आणि मे २०२४ मधल्या भीषण स्फोटानंतर स्थलांतराची मागणी पुन्हा जोरात आली. कारखाना हलवता येतो, पण त्याच्याखाली मुरलेलं रसायन तिथेच राहतं.

विक्री कार्यालयात आपण कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, पाण्याचं विचारतो. या जागेवर आधी काय होतं आणि माती तपासली का, हे जवळपास कुणीच विचारत नाही. खरं तर दूषित जागा म्हणजे कायमची वाया गेलेली जागा नव्हे. बहुतेक जागा साफ करून वापरता येतात, आणि शहराबाहेरची शेतजमीन खाण्यापेक्षा शहरातली जुनी औद्योगिक जागा पुन्हा वापरणं केव्हाही चांगलं. फक्त ती सफाई खरोखर झाली आहे का आणि तिचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, हे पैसे देण्याआधी कळायला हवं. या कामात कागद दहा रुपयांत मिळतात, नमुन्याची चाचणी हजारांत होते, पूर्ण सर्वेक्षण लाखांत जातं आणि सफाई कोटींत. आधीची पायरी चुकवली की पुढच्या पायरीचा खर्च अंगावर येतो, आणि तो बहुधा सर्वांत शेवटी आलेल्या माणसाच्या, म्हणजे घर घेणाऱ्याच्या अंगावर येतो.

कागदांचा खर्च: दहा रुपयांपासून

सुरुवात महारेराच्या संकेतस्थळावरून करा, तिथे एक पैसाही लागत नाही. प्रकल्पाच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो. लोक त्यातलं शेवटचं पान, ‘टायटल क्लिअर’ एवढंच वाचतात. तुम्ही मधली पानं वाचा. जमीन कुठल्या कंपनीकडून कुठल्या कंपनीकडे, कोणत्या साली गेली हे तिथे ओळीने दिलेलं असतं, आणि कंपनीच्या नावावरून धंदा कळतो. मालमत्ता पत्रक आणि सातबाराही ऑनलाइन पाहता येतो. त्यानंतर गूगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं उघडा. बऱ्याच ठिकाणची चित्रं २००० च्या आसपासपासूनची मिळतात. त्यात टाक्यांची रांग, सांडपाण्याचे हौद, उघड्यावर रचलेले पिंप, काळे पडलेले पट्टे दिसतात. ते कुठल्या कोपऱ्यात आहेत याची नोंद ठेवा, पुढे नमुने घेताना ती उपयोगी पडते.

आता दहा रुपये खर्च करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संबंधित उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्जाचं शुल्क १० रुपये, प्रतींसाठी पानाला २ रुपये, आणि उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला २० रुपये. अर्जात कारखान्याचं नाव, मौजे, सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर घाला आणि नेमकं मागा: दिलेली सर्व संमतीपत्रं, घातक कचऱ्याची अधिकारपत्रं, नमुना ४ मधली वार्षिक विवरणपत्रं, बजावलेल्या नोटिसा आणि बंदचे आदेश. ‘प्रदूषणाबाबतची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल.

या कागदांत नमुना ४ सर्वांत बोलका असतो. कारखान्यात वर्षभरात किती घातक कचरा तयार झाला आणि तो कुठे पाठवला, हे त्यात लिहिलेलं असतं. अधिकारपत्रात वर्षाला पन्नास टन गाळ तयार होईल असं म्हटलंय आणि विवरणपत्रांत मात्र वर्षानुवर्षं तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे दोन-तीन टनच गेलेले दिसतात, तर उरलेला गाळ गेला कुठे हा प्रश्न विचारायलाच हवा. एखादं वर्ष उत्पादन कमी असू शकतं, पण दहा वर्षं सलग असं दिसलं तर तो गाळ आवारातच पुरला गेला असण्याची शक्यता गंभीरपणे घ्या. आणखी एक स्रोत फुकट आहे: त्या कारखान्यातले निवृत्त कामगार. गाळ कुठे टाकायचे, टाकी कुठल्या साली फुटली, पावसाळ्यात कुठल्या गटारातून रंगीत पाणी वाहायचं, हे त्यांना पाठ असतं. आजूबाजूच्या चाळींत ते अजून राहतात. त्यांनी सांगितलेल्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा.

प्रकल्पाचं बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. ते पत्र परिवेश संकेतस्थळावर मिळतं. महाराष्ट्रातल्या अशा मंजुरीपत्रांत एक ठरलेली अट बहुधा असते: जड धातू आणि इतर विषारी द्रव्यं झिरपून भूजलाला धोका नाही ना, यासाठी माती आणि भूजलाचे नमुने तपासावेत. म्हणजे विकासकाने माती तपासण्याची अट आधीपासून कागदावर आहे. दर सहा महिन्यांनी पूर्तता अहवालही द्यावा लागतो. तो मागून घ्या आणि त्या अटीसमोर ‘पूर्तता केली’ एवढाच शेरा आहे की प्रयोगशाळेचा अहवाल जोडलाय, ते पाहा. नुसत्या शेऱ्यावर समाधान मानू नका.

कुठल्या धंद्यामागे काय उरतं

कुठल्या गोष्टीची चाचणी करायची हे धंद्यावर ठरतं, आणि इथे पैसे वाचतातही आणि फुकटही जातात. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या गाळ्याखाली क्रोमियम, निकेल आणि सायनाइड शोधा. चामडं कमावण्याच्या जागी क्रोमियम. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या, शिसं वितळवण्याच्या जागी शिसं, तेही अगदी वरच्या थरात, जिथे मुलं खेळतात. कापड रंगवण्याच्या प्रोसेस हाउसमागे रंगद्रव्यं, क्षार आणि धातू. औषध आणि कीटकनाशकांच्या कारखान्याखाली सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारी द्रावकं आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं. ही सर्वांत त्रासदायक, कारण ती वायूरूपात वर येऊन तळघरात साचतात. पेट्रोल पंप आणि गॅरेजखाली पेट्रोल-डिझेल, बेंझीन, ऑइल. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याखाली पीसीबी हे विषारी रसायन असलेलं तेल. गिरण्या आणि जुन्या शेडच्या छपरांत, बॉयलरच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस.

प्रयोगशाळेला ‘माती तपासा’ म्हटलंत तर ती बहुधा सामू, क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश तपासून देईल. शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, तुम्हाला नाही.

चाचणीचे दर आणि नमुना घेण्याची रीत

पुढचे आकडे बजेट बांधण्यासाठीचे ढोबळ अंदाज आहेत. तीन प्रयोगशाळांकडून लेखी दर मागवा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. मातीच्या एका नमुन्यात आठ-दहा जड धातू तपासायला साधारण चार ते दहा हजार रुपये. तेलजन्य पदार्थ, द्रावकं, पीसीबी अशा सेंद्रिय चाचण्यांना गटागणिक आणखी काही हजार, सगळे गट घेतले तर एका नमुन्याचा खर्च वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. बोअरच्या पाण्यातले धातू तपासायला तीन ते आठ हजार. पाण्याचा निकाल वाचायला सोपा असतो, कारण पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक समोर ठेवता येतं: लिटरमागे शिसं ०.०१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम ०.०५, पारा ०.००१, कॅडमियम ०.००३. मातीचा निकाल वाचताना आधी ठरवा की जागेचा वापर काय होणार आहे. गोदामासाठी चालेल ती पातळी बालवाडीसाठी चालत नाही.

प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त आहे एवढं पुरेसं नाही. मान्यतेच्या प्रमाणपत्रासोबत व्याप्तीची यादी असते. त्यात ‘माती’ आणि तुम्हाला हवा तो घटक, दोन्ही आहेत का ते पाहा. पाण्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीसाठीही मान्यताप्राप्त असतेच असं नाही.

नमुना घेताना स्वतः हजर राहा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवी रीत म्हणजे चार कोपऱ्यांतली माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवणं. समजा एका कोपऱ्यात किलोमागे २,००० मिलिग्रॅम शिसं आहे आणि उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत ५०. एकत्र केलं की निकाल येतो सुमारे ५३८. विषारी कोपरा कागदावरून नाहीसा होतो आणि स्वच्छ असलेले तीन कोपरे उगाच संशयित ठरतात. त्यामुळे चार नमुन्यांचे पैसे द्या, पण ते वेगवेगळे ठेवा. बॉयलर, टाक्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, भंगाराचं आवार आणि नाल्याचं तोंड, या पाच जागा चुकवू नका.

द्रावकांसाठीचा नमुना काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, बर्फाच्या पेटीत जायला हवा. तो प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाडीच्या डिकीत टाकला, तर द्रावक वाटेतच उडून जातं आणि निकाल ‘आढळले नाही’ असा येतो. बोअरमधून मातीचा गाभा बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा. मुंबई-ठाण्यात वर एक-दोन मीटरपासून चार-पाच मीटरपर्यंत भराव असतो: विटांचे तुकडे, राख, डेब्रिज. खाडीकाठी त्याखाली करडी चिकणमाती, इतरत्र मुरूम आणि मग काळा पाषाण. भरावातच निळा-हिरवा पट्टा दिसला, तेलाची चकाकी दिसली, रॉकेलसारखा वास आला, तर तिथून जास्तीचा नमुना घ्यायला सांगा. मात्र मुद्दाम नाक जवळ नेऊन हुंगू नका. पाषाणाच्या भेगांतून द्रावक लांबवर वाहतं, म्हणून शेजारच्या सोसायटीच्या बोअरचं पाणीही तपासलेलं बरं. पाण्याची पातळी पावसाळ्यात वर येते, त्यामुळे भूजलाचा एक नमुना मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर घ्या.

सल्लागार नेमून काम करायचं असेल तर ते दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात कागद, नकाशे, मुलाखती, जागेची पाहणी. खर्च साधारण एक ते चार लाख. त्यात संशय आला तर दुसरा टप्पा: बोअर, नमुने, निरीक्षण विहिरी, धोक्याचं मूल्यमापन. एक-दोन एकरांच्या जागेसाठी आठ-दहा लाखांपासून पुढे धरा. पुनर्विकासाला निघालेल्या शंभर सदनिकांच्या सोसायटीला दोन्ही टप्पे मिळून बारा लाख पडले तर घरामागे १२,००० रुपये होतात. पुनर्विकासात यापेक्षा जास्त पैसा नुसत्या चर्चेत आणि मुदतवाढीत जातो. ही रक्कम विकासकाने द्यावी, पण सल्लागार सोसायटीने नेमावा.

सफाईचा हिशेब

इथे टनाचा हिशेब समजून घेतला की बाकी सगळं समजतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एक मीटर खोल माती काढली तर ४,०४७ घनमीटर, वजनात सुमारे सात हजार टन. सोळा टनांच्या गाडीला साडेचारशेच्या आसपास फेऱ्या. ही माती घातक कचऱ्याच्या केंद्रात सरळ पुरता आली आणि टनाला दोन हजार रुपये दर पडला, तर १ कोटी ४० लाख. आधी प्रक्रिया करावी लागली आणि दर चार हजारांवर गेला, तर २ कोटी ८० लाख. जाळण्याची वेळ आली आणि टनाला वीस हजार पडले, तर १४ कोटी. वाहतूक यात धरलेली नाही. या गणितात दरापेक्षा टन कमी करणं महत्त्वाचं. सात हजार टनांपैकी खरोखर दूषित माती किती, हे नेमकं माहीत असेल तर बहुतेक वेळा आकडा मोठ्या प्रमाणात खाली येतो. वर सांगितलेल्या वेगवेगळ्या नमुन्यांचे पैसे इथे वसूल होतात.

म्हणूनच सर्वांत महाग चूक कोणती, तर जेसीबीने घाईत सगळी माती एकत्र ढीग करणं. स्वच्छ मातीत दूषित माती मिसळली की संपूर्ण ढीग दूषित धरावा लागतो. दूषित माती वेगळ्या ढिगात, खाली आणि वर जाड प्लास्टिक टाकून, पावसापासून झाकून ठेवायला हवी.

दुसरी गोष्ट तितकीच गंभीर आहे. दोन-तीन तळघरं खणताना दूषित थर आपोआप निघून जातो, म्हणून विकासक निश्चिंत असतो. पण तो थर जातो कुठे? साधी माती म्हणून तो भिवंडी-कल्याणच्या बाजूला कुणाच्या शेतात किंवा खाडीकाठच्या तिवरांत जाऊन पडला, तर तुमची जागा साफ झाली आणि दुसऱ्याची विहीर नासली. याचा माग काढता येतो. खोदलेली माती बाहेर न्यायला महसूल खात्याकडे गौण खनिजाचं स्वामित्वधन भरावं लागतं, दर ब्रासला ६०० रुपये. एका एकरात एक मीटर खोदाई म्हणजे सुमारे १,४३० ब्रास, स्वामित्वधन साडेआठ लाखांच्या आसपास. घातक माती गेली असेल तर प्रत्येक गाडीसोबत नमुना १० चं मॅनिफेस्ट असतं आणि त्यावर पोहोचल्याची नोंद असते. चलनं आणि मॅनिफेस्ट मागा आणि दोन्हींचे आकडे जुळवून पाहा.

खोदून नेण्याखेरीज इतर मार्गही आहेत. तेल आणि डिझेलने माखलेल्या मातीवर जिवाणूंचा उपाय चांगला चालतो. माती ढिगात रचून, ओलावा आणि हवा देऊन काही महिन्यांत तेल खाल्लं जातं. भारतात तेलगाळासाठी ही पद्धत टेरी संस्थेने तेल कंपन्यांबरोबर मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. जड धातूंना मात्र जिवाणू खाऊन संपवू शकत नाहीत. तिथे माती धुणं, सिमेंटसारख्या पदार्थात बांधून टाकणं किंवा झाकणं हेच मुख्य मार्ग. झाकण्यात एचडीपीईचा पडदा, चिकणमाती आणि वर स्वच्छ माती असते. पडद्याचा खर्च चौरस मीटरला काही शे रुपये, म्हणून विकासकाला हा उपाय आवडतो. तो चुकीचा नाही, पण झाकण कायम सांभाळावं लागतं. उद्या कुणी झाडासाठी खड्डा घेतला, केबलसाठी चर खणला, की पडदा फाटतो. त्यामुळे झाकलेली जागा नकाशावर दाखवून तो नकाशा सोसायटीच्या दप्तरात यायला हवा.

झाकलेल्या जागेत पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचे खड्डे करू नका. पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे म्हणून कंत्राटदार ठरलेल्या नकाशाप्रमाणे खड्डे घेतो, आणि तेच पाणी दूषित थरातून उतरून रसायन खाली भूजलात नेतं. अशा ठिकाणी साठवण टाकी बांधा. खर्च जास्त येतो, पण इथे तोच योग्य. द्रावकांची शंका असेल तर इमारतीच्या पायाखाली वायू अडवणारा थर आणि तळघरात चांगलं वायुवीजन, हे बांधतानाच करून घ्या, कारण नंतर करणं फार महाग पडतं.

छोट्या मालकांसाठी दोन गोष्टी. गाळ्याचे अॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडून काढू देऊ नका. ओले करून, अखंड उतरवून, बंद पिशव्यांत घालून ते घातक कचरा म्हणूनच जायला हवेत. आणि तुमच्या कुटुंबाची जागा पेट्रोल पंपाला भाड्याने दिलेली असेल, तर जमिनीखालच्या टाक्या उपसून माती तपासल्याचा अहवाल हातात पडल्याशिवाय ताबा परत घेऊ नका. एकदा ताबा घेतला की टाक्या कुणाच्या यावर वाद सुरू होतो.

कचराभूमीशेजारी घर

कचराभूमीच्या बाबतीतही आधी सफाईचा खर्च पाहा. मुंबईतल्या देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. तिथल्या १८५ लाख टन जुन्या कचऱ्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये काढलेली निविदा २,३६८ कोटी रुपयांची होती. भागाकार केला तर टनाला सुमारे १,२८० रुपये. दुसऱ्या टोकाला भोपाळ. युनियन कार्बाइडच्या आवारातल्या ३३७ टन विषारी कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी केंद्राने १२६ कोटी दिले, म्हणजे टनाला ३७ लाखांच्या वर. तो कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला गेला. तिथली माती आणि भूजल हा प्रश्न वेगळा, तो अजून तसाच आहे. कुणी ‘टनाला इतके’ असा दर सांगितला तर आधी विचारा, कशाचा टन.

कचराभूमीच्या कामात वेळ पैशाइतकाच मोजा. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. ७० लाख टन कचरा उपसायचं काम ठरलेली सहा वर्षं उलटून गेल्यावरही चालूच राहिलं. गोराईला वेगळा मार्ग घेतला: २००७ मध्ये कचरा टाकणं थांबवलं, डोंगराला उतार देऊन तो झाकला, वायू काढण्याची सोय केली आणि वर हिरवळ आली. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर कार्यालयं उभी राहिली, तेव्हा तिथले कर्मचारी डोकेदुखी आणि मळमळीच्या तक्रारी करू लागले, संगणकांचे भाग वारंवार बिघडू लागले आणि बोट खालून येणाऱ्या वायूंकडे गेलं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना बंद कचराभूमीवर घरं, शाळा, रुग्णालयं नकोत असं सांगतात आणि हद्दीभोवती १०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगतात. देवनारची १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. माझं मत स्पष्ट आहे: कचरा शेवटच्या थरापर्यंत उपसून, त्याखालची माती आणि पाणी स्वतंत्रपणे तपासून तो अहवाल लोकांसमोर ठेवल्याशिवाय तिथे एकाही कुटुंबाला पाठवू नये. गरिबाच्या घराला मातीचा वेगळा निकष असू शकत नाही.

खर्च कुणाचा, आणि दाद कुठे

२४ जुलै २०२५ रोजी केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, आणि दूषण सिद्ध झालं तर जबाबदार कोण हे शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी रचना आहे. जबाबदार माणूस सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर सफाईचा भार केंद्र आणि राज्याने उचलायचा. ग्राहकासाठी दोन मर्यादा महत्त्वाच्या आहेत. सफाई पूर्ण करण्याची ठाम मुदत या नियमांत नाही, आणि नुसत्या शहरी कचऱ्याच्या डम्पिंगला ते लागू नाहीत. तरीही संशय पक्का असेल तर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांकडे लेखी अर्ज द्या. खर्च टपालाचा, आणि तुमचा अर्ज तारखेसह नोंदला जातो.

खरं संरक्षण मात्र करारातच मिळतं. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होईपर्यंत विकासक १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. प्रश्न विचारायची वेळ तीच. करारात हे घालून घ्या: जागेचा पूर्वीचा वापर, माती-भूजल चाचणीचे अहवाल जोडपत्र म्हणून, दूषित माती निघाल्यास संपूर्ण खर्च विकासकाचा, आणि त्यामुळे झालेल्या उशिराचं भाडं सदनिकाधारकाला. पुनर्विकासाच्या करारात तर हे हवंच, नाहीतर खोदाईत दूषित थर लागला की ‘अनपेक्षित परिस्थिती’ म्हणून काम थांबतं आणि सदस्यांचं भाडं बंद होतं. ताब्यानंतर पाच वर्षं दोषदुरुस्तीची जबाबदारी विकासकावर असते, पण मातीचं दूषण त्यात बसतं की नाही यावर वाद घालता येतो. वेगळं कलम असलं की तो वाद उरत नाही.

ताबा घेऊन झाला असेल तर सोसायटीने वर्गणी काढून जमिनीलगतच्या मोकळ्या जागेत चार-पाच नमुने घ्यावेत. खेळायच्या जागेत वरची पंधरा सेंटिमीटर माती महत्त्वाची. पोडियमवरच्या बागेतली लाल माती बाहेरून आणलेली असते, तिच्या चाचणीवरून खालची जमीन कळत नाही. बोअरचं पाणी तपासून निकाल येईपर्यंत ते पिण्याला, स्वयंपाकाला, तरणतलावाला वापरू नये.

दाद मागायची वेळ आली तर महारेराकडे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटं सांगितलं असेल तर भरपाई मागता येते. ग्राहक आयोगात शुल्क तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं: २० ते ५० लाखांपर्यंत १,००० रुपये आणि ५० लाख ते एक कोटीपर्यंत २,०००. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात, त्यापुढे दोन कोटींपर्यंतची राज्य आयोगात. प्रश्न जमीन साफ करून घेण्याचाच असेल तर पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ. तिथे साध्या अर्जाला १,००० रुपये लागतात आणि भरपाई मागितली तर मागणीच्या एक टक्का. मुदत मात्र कडक आहे: वाद निर्माण झाल्यापासून सहा महिने, भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षं. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल ज्या दिवशी हातात येईल, त्याच दिवशी त्याची पोच विकासकाकडून आणि मंडळाकडून लेखी घ्या.